‘इफ’ आला की जीभ अडते

“मॅडम, शाळेतच हे नीट शिकले असते, तर आज इंग्रजी बोलायची भीती वाटली नसती.” समोर बसलेल्या ताईंचं हे पहिलंच वाक्य. नोकरीच्या मुलाखतीची तयारी चालली होती. वहीत कंडिशनलचे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जर-तर’च्या वाक्यांच्या प्रकारांचे, चार रकाने आखलेले: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. सूत्रं तोंडपाठ, पण बोलायची वेळ आली की सगळं गायब. आपलं वय झालं, आता डोक्यात शिरत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात.

मी वही मिटायला लावली आणि म्हटलं, मी मराठीत सांगते, तुम्ही इंग्रजीत सांगा.

‘बस चुकली तर मला उशीर होईल.’ त्या म्हणाल्या, ‘इफ आय मिस्ड द बस, आय विल बी लेट.’ बस अजून चुकलेली नाही, तरी मराठीत आपण ‘चुकली’ म्हणतो. तेच रूप त्यांनी इंग्रजीत नेलं. तिथे साधा वर्तमानकाळ हवा: ‘इफ आय मिस’.

‘मला कळलं असतं तर मी आले असते.’ त्यांचं उत्तर: ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ मराठीत दोन्हीकडे ‘असणे’चंच रूप, म्हणून ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे! इंग्रजीत इफच्या बाजूला ‘हॅड नोन’ येतं, ‘वुड हॅव’ फक्त दुसऱ्या बाजूला. ताई, ही बुद्धीची उणीव नाही, तुमची मराठी पक्की आहे म्हणून हे होतंय, असं मी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

खरा गुंता पुढच्या वाक्यात. ‘वेळ असता तर मी आले असते.’ हे आपण आजच्या कार्यक्रमाबद्दलही म्हणतो आणि मागच्या महिन्यातल्याबद्दलही. इंग्रजी इथे वाट वेगळी करते. आज वेळ नसेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. तेव्हा नव्हता तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. पहिल्यातला ‘हॅड’ दिसायला भूतकाळी, पण बोलतोय आजबद्दलच. आपल्या ‘असता’मधून जसं वेळ नाही हे आपोआप कळतं, तसंच तो सुचवतो. म्हणून सूत्र आठवण्याआधी एवढंच विचारायचं: गोष्ट आजची की तेव्हाची? चार रकाने परीक्षेला उपयोगी पडतात, पण सुरुवातीलाच हातात देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

शेवटी त्यांचंच पहिलं वाक्य मी त्यांना परत दिलं. ते चारपैकी एकाही रकान्यात बसत नाही, कारण अट तेव्हाची आणि परिणाम आजचा. त्या सावकाश बोलू लागल्या, “इफ आय हॅड लर्न्ट धिस प्रॉपर्ली ॲट स्कूल, आय वुडन्ट हॅव...” मध्येच थांबल्या. “नाही मॅडम, भीती आजची आहे. आय वुडन्ट बी अफ्रेड टुडे.”