न्यू जर्सीत नाटक काढता येईल का?

बायकोला एडिसनला नोकरी लागलीय, तुम्ही एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सोबत यायचं म्हणताय आणि इथे नाट्यनिर्मिती चालू राहील का असं विचारलंत. फॉर्म वकील भरेल, ते सोडतो. मीही २०१३ला असाच आलो.

एच-४ वर कमवायला बंदी होती. २०१५पासून काही जोडीदारांना परवानगी मिळू लागली, पण बायकोचं ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढे सरकल्यावरच. तोवर मी इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिका फुकट उभ्या केल्या.

दादरला माझ्याकडे पैसा नव्हताच, पत होती. सेटवाला उधारीवर थांबायचा, नट फोनवर तारखा द्यायचे. नाईट, म्हणजे नटाचे प्रयोगाचे पैसे, मात्र प्रयोग संपला की पाकिटात, तो नियम मी कधी मोडला नाही. इथे शाळेचं सभागृह मागायला गेलो तर म्हणाले, दहा लाख डॉलरच्या विम्याचा कागद आणा. माझा क्रेडिट स्कोअर वाईटही नव्हता, नव्हताच! विमा बायकोच्या नावावर काढला. रात्री दहाला तिथल्या माणसाने दिवे घालवायला सुरुवात केली, शेवटचा प्रवेश उरलेला असताना.

ऑफ-ऑफ-ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधली ९९ खुर्च्यांपर्यंतची थिएटरं. तिथे मराठी नाटक लावून भाडं निघेल असं मला कधी वाटलं नाही. जमण्यासारखं काम एकच, मुंबईची नाटकं दौऱ्यावर आणणं. कलाकारांचा पी-३ व्हिसा (आपल्या संस्कृतीतली कला सादर करायला येणाऱ्यांचा), शनिवार-रविवारचेच प्रयोग, गावोगावच्या मंडळांशी घासाघीस, सेट बॅगांत मावेल तेवढाच, सोफा कुणाच्या तरी घरून. हातात कामाचा परवाना असेल तर करा, मजा येते.

मुलांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. शाळेच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ या रकान्यात मी ऐटीत मराठी लिहिलं. पार्ल्याच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या मुलीला त्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. सहा महिने. भांडायला मी गेलो नाही, बायको गेली. मी तालमीत होतो. त्यानंतर पोरगी घरी मराठी बोलायची बंद झाली. अजून सलतं.

एकटेपणाची सवय होते.

बॅनर, म्हणजे तुमच्या नाट्यसंस्थेचं नाव, मात्र विकू नका. भागीदार घ्या, जाहिरातीत नाव राहू द्या. मी चालतं नाटक ८७ प्रयोगांवर सोडून दिलं. शंभराव्याला नाटकवाल्यांनी आग्रहाने बोलावलं, तर परत यायला लागणाऱ्या व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाही असं कळवलं. तारीख मिळत होती. विमानाची तिकिटंही बघून ठेवली होती. पण विंगेत उभं राहायचं सोडून पाहुण्यांच्या रांगेत नारळ धरून बसायचं, ते झेपलं नसतं. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुमच्या नाटकाचे किती प्रयोग झालेत, ते लिहिलं नाहीत तुम्ही.