पाऊस टिनावर, शुद्धलेखन वहीत

प्रश्न : आमची दारव्हा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, वर टिनं. पाऊस आला की तिसरीच्या शेवटच्या बाकावरून हमखास येतं, "सर, आयकू नाई आलं." रविवारी शाळा शांत असताना मोबाइलवर मोजलं : माझा आवाज पहिल्या बाकाशी 66 डेसिबल, शेवटच्या बाकाशी 58. पावसात नुसत्या टिनांचा आवाज 64. यावरून मुलांना कितपत कळत असेल ते सांगता येईल का? माइक घ्यावा का?
(एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : गुरुजी, तुम्ही मोजलंत याचाच मला फार आनंद झाला. हो, सांगता येतं. बोलणं गोंगाटाच्या 15 डेसिबल खाली गेलं की हाती काही लागत नाही, 15 वर असलं की सगळं पोचतं. या 30 डेसिबलांत आपण कुठं बसतो ते पाहायचं. बोलणं किती कळेल ते मोजणाऱ्या 1997च्या अमेरिकी मानकातली रीत मुळात हीच, फक्त ती जाड-बारीक आवाजांचे पट्टे वेगळे मोजते. आपण ढोबळ करू. पहिला बाक 2 ने वर : 15 अधिक 2, 30 पैकी 17, म्हणजे 0.57. शेवटचा 6 ने खाली : 15 वजा 6, 30 पैकी 9, म्हणजे 0.3.

0.57 वर मोठ्या माणसाला ओळखीची वाक्यं जवळपास पूर्ण कळतात, कारण निसटलेलं अक्षर तो अर्थावरून भरून काढतो. तिसरीतल्या लेकराकडे तेवढी शब्दांची पुंजी नसते. आणि सुट्या शब्दांच्या शुद्धलेखनात अर्थाचा आधारच नाही. 'पाट' की 'ताट' हे ठरवणारं व्यंजन क्षणभराचं नि क्षीण, टिनाच्या तडतडीत तेच आधी बुडतं. मी पुसदकडच्या अशाच शाळेत शेवटी बसायचो. "लक्ष नाही" हा शेरा अजून आठवतो. पावसाच्या दिवशी तो कुणाला देऊ नका, एवढी विनंती.

माइक पावसावर मात करेल, पण खोली घुमत असेल तर घुमणंही तितकंच वाढवेल. टाळी वाजवून बघा. नेदरलँड्सच्या हाउटगास्ट आणि स्टीनेकेन यांनी 1970च्या दशकात हेच मोजायची पद्धत दिली : बोलण्यातल्या चढउतारांमधल्या फटी घुमण्यानं किती बुजल्या.

मी आधी टिनांवर पऱ्हाटीचा थर बांधून घेईन, थेंबांचा मार तिथंच मोडतो. पावसाळा सरला की उतरवा, वाळली की आगीचं भय. बाक अर्धगोल लावा. फळ्याकडे तोंड करून सांगू नका : 'प'ला ओठ मिटतात, 'त'ला नाही, हे पोरांना दिसू द्या.

मग पाट, ताट, काट, लाट, वाट असे 20 शब्द उलटसुलट सांगा, एकदा कोरड्या दिवशी, एकदा पावसात. बाकानिहाय बरोबर किती, तो कागद मला पाठवा. माझा अंदाज कुठं चुकला ते मला पाहायचंय.