‘घरगुती कारणास्तव’ हा शेरा आधी मागे घ्या

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी हायस्कुलात नववीत. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा) आणि अँक्झायटी (सतत भीती-काळजी) आहे. नऊ वर्षांचा असताना धारवाडच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं. शाळेला आम्ही तोंडी सांगितलं होतं. यंदा हजेरी निम्म्यावर आली. हेडमास्तर म्हणाले, ‘दाखला काढा, ओपनमधून दहावी करा.’ त्यांनी सांगितल्याप्रमाणे मिस्टरांनी ‘घरगुती कारणास्तव दाखला मिळावा’ असा अर्ज दिला. दाखला अजून हातात आलेला नाही. चंदगडची नणंद म्हणते, तिच्या पत्त्यावर महाराष्ट्र बोर्डाचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावी देण्याचा, फॉर्म भरा. शाळेवर केस करता येईल का? – एक आई

उत्तर : ताई, अशी पत्रं खानापुरातून येतात, निपाणीतून येतात, अथणीतूनही. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो : दाखल्याच्या अर्जात कारण काय लिहिलंत? उत्तर बहुतेक वेळा तुमचंच असतं. मजकूर हेडमास्तर सांगतात, सही बाप करतो.

तुमचं सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे. उद्या तुम्ही कुठेही गेलात, बीईओकडे (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे), अपंग हक्क आयुक्तांकडे नाहीतर कोर्टात, शाळा तो अर्ज पुढे करेल आणि म्हणेल, ‘आम्ही कुठे काढलं? पालकांनीच नेलं.’ दाखला अजून फाडून दिलेला नाही, म्हणजे जनरल रजिस्टरवर मुलाचं नाव आहे. म्हणून अर्ज आजच लेखी मागे घ्या. दाखला एकदा हातात पडला की परत प्रवेश द्या म्हणून विनवण्या कराव्या लागतील. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतचं. नववीच्या मुलासाठी तो कायदा फारसा उपयोगाचा नाही.

उपयोगाचा आहे तो २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा. त्याच्या कलम १६प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. आणि कलम २मधल्या व्याख्येप्रमाणे अशी सोय नाकारणं हाच भेदभाव. पण सोय नाकारली असं म्हणायला आधी ती मागितलेली असावी लागते. तुम्ही ती कधी मागितलीत? डॉक्टरांचा कागद सहा वर्षं कपाटात. ‘पोराला वेडं ठरवतील’ ही भीती मला कळते, गावात राहून ती कुणाला नसते? पण तोंडी सांगण्याला पोच नसते, आणि गेल्या सहा वर्षांत त्या शाळेत किती शिक्षक बदलले असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

आता अडचणीची बाजू. कायद्याच्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडी नावानिशी नाही. मानसिक आजार आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. अँक्झायटी त्यात बसेल का, हे ती किती तीव्र आहे यावर ठरेल. ते मी इथे बसून सांगू शकत नाही. एवढं सांगतो की ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावाचून काहीच मिळत नाही, हे शाळेतलं नेहमीचं उत्तर चूक आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय देताना ४० टक्क्यांची अट मानली नाही. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण. तुमच्या मुलाला जसंच्या तसं लागू होईल अशी हमी नाही, पण हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायला पुरेसं आहे. ४० टक्के भरले तर कलम ३१खाली १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचाही हक्क येतो. तेव्हा धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत, नव्याने तपासणी करा. सहा वर्षांपूर्वीचा कागद आजची स्थिती सांगत नाही. डॉक्टरांना नुसतं निदान नका लिहायला लावू. वर्गात बसणं, लिहिणं, परीक्षा यांत नेमकी काय अडचण येते ते लिहून घ्या.

केस? करता येईल. धारवाड खंडपीठात रिट घालता येते. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, हे आपल्या भागातल्या माणसाने तरी विसरू नये. पोराची दहावी तारखांसाठी थांबत नाही. आधी शाळेला पत्र, मग बीईओ, मग राज्याचे अपंग हक्क आयुक्त. कोर्ट सगळ्यात शेवटी.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे हेडमास्तरांचं ‘ओपन’, वाईट नाही; घाबरणाऱ्या मुलाला कधी कधी तेच मानवतं. वयाची अट १४, विषय पाच, माध्यम मराठी मिळतं. प्रवेश पाच वर्षं चालतो, नऊ संधी मिळतात, एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतात. परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, दोन्हींची नोंदणी वेगळी. एक चुकली की सहा महिने गेले. पण तिथे जायचं ते मुलाला झेपतं म्हणून, शाळेला निकालाची टक्केवारी राखायची आहे म्हणून नव्हे. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, बसून काही विषय राहिले, तरी पास झालेल्यांपैकी दोन विषयांचे गुण मुक्त विद्यालयात वळवून घेता येतात. म्हणून आज शाळेत राहिल्याने तो रस्ता बंद होत नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सवलत आहे. तिथली अट मातृभाषा मराठी आणि दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून, अशी असते. मुक्त विद्यालयाचं अभ्यासकेंद्र या शब्दांत बसतं का, यावर वाद घालता येईल. तो वाद तीन वर्षांनी प्रवेशाच्या रांगेत घालण्यापेक्षा यंदाची माहितीपुस्तिका आत्ताच वाचा.

नणंदेच्या पत्त्याचं म्हणाल तर, मुलगा जिथे राहत नाही तिथे राहतो असं सहीनिशी लिहून देऊ नका. खरंच आत्याकडे राहायला जाणार असेल, तर गोष्ट वेगळी.

शाळेला द्यायचं पत्र लांबलचक नको. एवढंच लिहा : ‘माझ्या मुलाच्या दाखल्यासाठी दिलेला अर्ज मी मागे घेत आहे. त्यातले कारण खरे नव्हते. शाळेच्या सांगण्यावरून लिहिले होते. मुलास एडीएचडी व अँक्झायटी असून वैद्यकीय कागद सोबत जोडला आहे. पुढे बसण्याची जागा, मध्ये पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा, चाचणीस जादा वेळ आणि आजारपणातल्या गैरहजेरीचा विचार, एवढ्या सोयी मिळाव्यात. नकार असल्यास लेखी कळवावे.’ खाली मिस्टरांचीच सही हवी, कारण पहिला अर्ज त्यांचा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. क्लार्क शिक्का द्यायला कुरकुर करू लागला तर तिथे भांडत बसू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, एक प्रत बीईओंना, आणि पावती त्या कपाटात ठेवू नका.