पुष्टी, दुजोरा की सिद्ध?

तुमचा मसुदा वाचला. मुद्दे चांगले आहेत, फक्त प्रत्येक ठिकाणी ‘सिद्ध होते’ आलंय. नवीन लिहिणाऱ्यांची ही हमखास होणारी चूक. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- सिद्ध होणे: शंकेला जागाच उरली नाही, तरच. एका पाहणीतून काही ‘दिसतं’ किंवा ‘सूचित होतं’, सिद्ध होत नाही.
- दुजोरा देणे: हा दुसऱ्याने द्यायचा. ‘मी माझ्या म्हणण्याला दुजोरा देतो’ हे वाक्य चुकलंच.
- पुष्टी मिळणे: पुष्टी म्हणजे मुळात पोषण. आधीच्या म्हणण्याला नव्या पुराव्याने बळ येतं, तेव्हा हा शब्द चपखल बसतो.
- खातरजमा, शहानिशा: दावा करण्याआधीचं काम. खरंखोटं तपासणं.

‘समर्थन’ मात्र जपून वापरा. त्यात बाजू घेणं आहे, पुरावा असेलच असं नाही. तुमचं ‘आकडेवारी या मताचं समर्थन करते’ हे वाक्य ‘आकडेवारीतून या मताला पुष्टी मिळते’ असं करून पाहा. मला तरी ते जास्त नेमकं वाटतं.

ग्वाही, दाखला, शाबीत हे सगळं नंतर. आधी मसुद्यातल्या प्रत्येक ‘सिद्ध’खाली रेघ मारा आणि कोणता टिकतो ते बघा. पुढचा मसुदा नक्की दाखवा.