अप्रोच डिस्क : प्लास्टिक जमीन पाहून निवडावे, वजन वारा पाहून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही खानापूरच्या बाजूला माळावर झाडे आणि खांब लक्ष्य धरून डिस्क गोल्फ (लक्ष्यापर्यंत कमीत कमी फेकींत डिस्क पोहोचवण्याचा खेळ) खेळता, जवळ इनोव्हा कंपनीच्या डीएक्स या साध्या प्लास्टिकची एक मिडरेंज (मध्यम पल्ल्याची डिस्क) आणि एक पटर (लक्ष्याजवळून फेकायची डिस्क) आहे, आणि आता ३० ते ६० मीटरच्या टप्प्यासाठी, म्हणजे अप्रोचसाठी, डिस्क्राफ्ट कंपनीची झोन ही डिस्क घ्यायची आहे. परदेशात राहणाऱ्या तुमच्या मेव्हण्यांनी ‘सर्वांत टिकाऊ प्लास्टिक आणि सर्वांत जास्त वजन घ्या’ असे सांगितले आहे. झी, ईएसपी आणि जॉब्रेकर यांपैकी कोणते प्लास्टिक, आणि १६५ ग्रॅम की १७४, हे ठरत नाही. भाचीसाठीही विचारले आहे. त्याकडे शेवटी येतो.

मेव्हण्यांचा सल्ला वजनाबाबत जवळजवळ बरोबर आहे, प्लास्टिकबाबत मात्र अर्धाच बरोबर आहे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा विचार करताना डिस्क हवेत काय करते हा मुख्य प्रश्न असतो. अप्रोचच्या बाबतीत ती टेकल्यानंतर काय करते हा प्रश्न तितकाच, माझ्या मते अधिकच महत्त्वाचा असतो, कारण लक्ष्याच्या दोन मीटर अलीकडे टेकलेली डिस्क घसरत दहा मीटर पुढे गेली, तर हवेतल्या अचूकपणाचा काहीही उपयोग होत नाही. टेकल्यानंतरचे वागणे ठरवण्यात प्लास्टिकचा वाटा मोठा असतो आणि आठ-दहा ग्रॅमच्या फरकाचा फार थोडा.

झोनचे उड्डाण-अंक ४, ३, ०, ३ असे आहेत, म्हणजे वेग कमी, तरंगणे बेताचे, सुरुवातीला उजवीकडे वळणे नाही आणि शेवटी डावीकडे ठामपणे झुकणे. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडचे वर्णन आहे, डावखुऱ्यांनी आणि फोरहँड फेकणाऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.) वेस्टसाइड कंपनीच्या हार्प या डिस्कचेही अंक हेच आहेत, आणि इनोव्हाच्या गेटरचे ५, २, ०, ३ आहेत. या वर्गातल्या डिस्क घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत, डावी कड खाली झुकवून उतरतात. जमीन कडक आणि डिस्कही कडक असेल, तर ती कड जमिनीवर आपटताच डिस्क डावीकडे उसळी घेते. डिस्क मऊ असेल, तर आपटण्याचा काही जोर तिच्या वाकण्यात खर्च होतो आणि ती लवकर बसते.

आता आपल्या भागातली जमीन पाहू. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती आणि जांभा आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत हा माळ इतका कडक होतो, की झीसारखी अर्धपारदर्शक, ताठ डिस्क त्यावर सपाट फेकली तर थांबायचे नावच घेत नाही. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पण पहिल्या चांगल्या पावसानंतर डिस्क पडेल तिथेच धरून ठेवते. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे आणि तिथे मैदानागणिक अनुभव बदलतो. भातकापणीनंतरच्या खाचरांत खेळत असाल, तर धसकटे आणि बांध यांमुळे कोणतीही डिस्क फार पुढे जात नाही, त्यामुळे तिथे हा सगळा विचार निम्म्याने सोपा होतो. पावसाळ्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा : चिखल डिस्क थांबवतो, पण आखूड ओले गवत तिला कोरड्या गवतापेक्षा जास्त घसरवते. म्हणून ‘पावसात कोणतेही प्लास्टिक चालेल’ हे म्हणणे शेतात खरे असले, तरी मैदानात खरे नाही.

तुमच्या तीन पर्यायांपैकी झी सर्वांत टिकाऊ आहे. इनोव्हाच्या चॅम्पियनसारखे ते कठीण, गुळगुळीत आणि अर्धपारदर्शक असते. कोरड्या हातात त्याची तक्रार नसते. पण डिसेंबरच्या पहाटे दव पडलेले असताना आणि थंडीने प्लास्टिक आणखी ताठ झालेले असताना ते बोटांतून निसटते, आणि सुटतानाचा कोन एवढासा बदलला तरी साठ मीटरवर त्याचे मोठे अंतर होते. ईएसपी हेही प्रीमियम प्लास्टिकच आहे, मात्र अपारदर्शक, किंचित रबरी आणि पकडीला बरे. इनोव्हाच्या मालिकेत स्टारची जी जागा आहे, साधारण ती डिस्क्राफ्टमध्ये ईएसपीची म्हणता येईल. जॉब्रेकर हे मुळात पटरसाठी लोकप्रिय झालेले, रबराचा गुण असलेले मिश्रण आहे. ओल्या हातातही त्याची पकड चांगली राहते, ते छान बसते आणि किमतीलाही सहसा कमी असते. तुमचे मेव्हणे ज्या हिरवळीवर खेळत असतील, तिथे कदाचित मीही विचार न करता जॉब्रेकरच घेतले असते.

इथे मात्र जांभा आडवा येतो. जांभ्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांच्या कडा लोहाच्या अंशामुळे टणक असतात. एखादी स्वस्त प्लास्टिकची डिस्क जांभ्याच्या गडग्यावर दोन-चारदा आपटली, की तिच्या कडेवरून नुसते बोट फिरवून पाहा : आधी कुसळासारखे उभे राहिलेले तंतू लागतात, मग छोटे खळगे लागतात, आणि पुढे पूर्ण कडच चेपून गोल झालेली जाणवते. कड अशी झिजली, की डिस्कचा डावीकडे झुकण्याचा गुण हळूहळू कमी होतो. मिडरेंज किंवा पटरला ही झीज अनेकदा मानवते. तुमची डीएक्स मिडरेंज वर्षभराने अधिक सरळ उडू लागली तर तिला जपून वापरा, विकत न मिळणारी चीज तुमच्या हाती आलेली असेल. पण अप्रोच डिस्क आपण घेतो तीच मुळी ‘वारा असो नसो, ही शेवटी डावीकडे येणारच’ या भरवशावर, आणि झिजल्याने तो भरवसाच जातो. हे कारण मला टिकाऊ प्लास्टिकच्या बाजूने सर्वांत मोठे वाटते आणि मेव्हण्यांच्या सल्ल्यातला खरा अर्धा भाग तो हाच.

म्हणून तुमच्यासाठी माझी निवड ईएसपी ही आहे. ते जांभ्यावर पुरेसे टिकते, झीइतके उसळत नाही, आणि जूनमध्येही हातात राहते. खेळ मुख्यतः काळ्या मातीत किंवा खाचरांत होणार असता, तर जॉब्रेकर घ्या असे म्हणालो असतो. झी मी त्यालाच सुचवेन, ज्याला उसळी हवीच आहे, म्हणजे झाडाच्या आडून वळवून, जमिनीवर घसरवत डिस्क लक्ष्याकडे न्यायची आहे. तो फटका कोरड्या माळावर फार उपयोगी पडतो, पण पहिल्या अप्रोच डिस्ककडून तो शिकू नये. इतर कंपन्यांचे पाहायचे झाले, तर कास्टाप्लास्टची बर्ग ही १, १, ०, २ अशा अंकांची डिस्क तरंगणे जवळजवळ नसल्यामुळे टप्प्यावर दगडासारखी पडते, आणि तिचे के-वन सॉफ्ट प्लास्टिक आपल्या उन्हाळी जमिनीला चांगले जुळते. मात्र तिला साठ मीटर नेण्यासाठी हातात जोर लागतो.

कडेवर उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने घासून काढायला हरकत नाही. स्पर्धेच्या नियमांनुसार डिस्कचे मूळ उड्डाण बदलेल असा फेरफार करता येत नाही, परंतु साच्यातले दोष किंवा ओरखडे गुळगुळीत करण्यापुरते माफक घासणे मान्य आहे.

आता वजन. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या, म्हणजे पीडीजीएच्या, तांत्रिक निकषांनुसार डिस्कचे वजन तिच्या बाहेरील व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही आणि एकूण २०० ग्रॅमची मर्यादा ओलांडू शकत नाही. व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो. अप्रोच डिस्क साधारण याच किमान व्यासाच्या आसपास असतात, त्यामुळे त्यांची कमाल मर्यादा १७४ ते १७६ ग्रॅमच्या दरम्यान येते. म्हणून तुम्हाला दिसलेले १७४ हे वजन जवळजवळ कमाल आहे. अल्टिमेट या डिस्क फेकण्या-झेलण्याच्या सांघिक खेळातली डिस्कही १७५ ग्रॅमचीच असते, परंतु तिचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर असतो. तेवढेच वजन २१ सेंटिमीटरमध्ये आणि धारदार कडेत बसवलेले असते, तेव्हा समोर उभे राहून ती झेलण्याचा मोह टाळावा.

जड डिस्क वाऱ्यात का टिकते, याचे कारण तिच्या फिरण्यात आहे. उडत्या डिस्कला हवा सतत पुढे किंवा मागे उलथवू पाहते, आणि डिस्क फिरत असल्यामुळे तो जोर तिला बाजूला कलंडवतो. उजवीकडे वळणे आणि डावीकडे झुकणे ही दोन्ही याचीच रूपे आहेत. सारख्याच वेगाने फिरणाऱ्या दोन डिस्कपैकी जड डिस्कमध्ये फिरण्याचा साठा जास्त असतो, म्हणून तेवढ्याच जोराने ती कमी कलंडते. समोरून वारा असला की डिस्कला लागणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि ती उजवीकडे वळू पाहते. पाठीमागून वारा असला की तरंगणे कमी होऊन ती लवकर खाली येते आणि डावीकडे झुकते. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून येणारा वारा येळ्ळूरच्या बाजूच्या उघड्या माळावर ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हलकी डिस्क घेऊ नका हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही १७४चाच हट्ट धरू नये. १७० आणि १७४ यांतला फरक अप्रोचच्या फटक्यात हाताला जाणवतो असे म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. १६५ आणि १७४ यांत सुमारे पाच टक्क्यांचा फरक आहे, तो समोरच्या वाऱ्यात दिसतो, शांत हवेत क्वचितच. १७० ते १७४ यांमधले जे मिळेल ते घ्या, आणि हवे ते प्लास्टिक १६८मध्येच मिळत असेल तर प्लास्टिक सोडू नका, वजन सोडा. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला १६५ची डिस्क थोडी लांब जाते हे खरे आहे, पण अप्रोच डिस्ककडून लांबी मागायचीच नसते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण सात टक्के विरळ आहे. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर सरळ वाटलेली डिस्क इथे किंचित कमी तरंगते आणि किंचित लवकर झुकते. फरक फार नाही, परंतु ‘गोव्यात मित्राच्या डिस्कने खेळलो तेव्हा वेगळी वाटली’ या तुमच्या वाक्याचे एक कारण हे असू शकते. दुसरे कारण मित्राची डिस्क जुनी असणे, आणि मला ते अधिक संभवनीय वाटते.

एकाच साच्याच्या, एकाच वजनाच्या, परंतु वेगळ्या प्लास्टिकच्या दोन डिस्क सारख्या का उडत नाहीत, हेही तुम्ही विचारले आहे. प्रत्येक प्लास्टिक साच्यात थंड होताना वेगळ्या प्रमाणात आकसते. त्यामुळे माथा कधी सपाट होतो, कधी फुगीर, आणि कडेवरची जोडरेषा वर-खाली सरकते. डिस्क आली की ती शहाबादी फरशीवर ठेवा आणि डोळा फरशीच्या पातळीवर आणून पाहा. मग कडेच्या बाहेरून अंगठ्याचे नख खालून वर न्या. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ते हलकेच अडखळते. ही रेषा जितकी वर, तितकी डिस्क सहसा अधिक ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे जास्त झुकणारी, असते. माथा सपाट असेल तर तरंगणे कमी. आपल्याला बहुधा हाताळून न पाहताच मागवावी लागते, म्हणून विक्रेत्याकडे बाजूने काढलेला फोटो मागावा आणि तळाशी लिहिलेले वजनही विचारून घ्यावे. घरी आल्यावर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिलीत, तर खात्री होईल.

चार व्यवहारी गोष्टी. काळ्या मातीत खेळताना रिमच्या आत चिकटलेला चिखल प्रत्येक फटक्याआधी काढा. एका बाजूला साठलेले काही ग्रॅम डिस्कचे फिरणे बिघडवतात, आणि मग वजनाचा सगळा हिशेब वाया जातो. पुसायला धुऊन मऊ झालेला सुती पंचा जवळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डिस्क ठेवू नका, ती वाकते. रंग तांबडा, नारिंगी किंवा हिरवा घेऊ नका. आपल्या मातीत आणि भातात त्या सापडत नाहीत, निळी किंवा गुलाबी लगेच दिसते.

भाची तेरा वर्षांची आहे म्हणालात. तिला अप्रोच डिस्क इतक्यात नको. ओव्हरस्टेबल डिस्क कमी वेगाने फेकली की लगेच डावीकडे आपटते आणि खेळातली गोडी जाते. तिच्यासाठी १५० ग्रॅमच्या आसपासची, डीएक्ससारख्या साध्या प्लास्टिकची सरळ उडणारी मिडरेंज किंवा पटर घ्या. त्या वजनात प्रीमियम प्लास्टिक शोधत बसण्याची आवश्यकता नाही, आणि तिची डिस्क जांभ्यावर झिजली तरी ती अधिक सोपीच होत जाईल.