फिलिपिनो चित्रकार रोडेल तापाया यांची चित्रं समजायला तिथल्या लोककथा माहीत असाव्या लागतात का?

माहीत असल्या तर मजा वाढते, पण त्यावाचून अडत नाही. तुम्ही लिहिलंय की चित्रात माणसं, झाडं, पक्षी, भुतं यांची एवढी दाटी असते की नजर कुठे ठेवावी कळत नाही, आणि नेमकी कुठली गोष्ट चाललीय तेही उमगत नाही. मला वाटतं, एका चित्रात एकच गोष्ट शोधायला गेलं की असं होतं. तापाया गोष्ट सांगत बसत नाहीत. देशात आज जे चाललंय ते मांडण्यासाठी ते जुन्या गोष्टींतली पात्रं कामाला लावतात.

याचं मूळ त्यांच्या गावात सापडतं. त्यांचा जन्म १९८० चा, मनिलाजवळच्या रिझाल प्रांतातल्या मोंतालबानचा. मी नोकरीनिमित्त मनिलात राहायचो तेव्हा तिथली घळ पाहून आलो. पामितिनान आणि बिनाकायान हे चुनखडीचे दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत आणि मधून नदी वाहते. बेर्नार्दो कार्पियो नावाचा महाबली या डोंगरांच्या मध्ये अडकलाय, तो धडपडला की भूकंप होतो, असं लोक सांगतात. नाव मूळचं स्पॅनिश वीरकथेतलं, पण मनिला परिसरातल्या तागालोग लोकांनी त्याला आपला करून टाकला: तो सुटेल तेव्हा आपणही स्पॅनिश राजवटीतून सुटू. फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांच्या १८९१ च्या कादंबरीत एक गाडीवान अगदी मनापासून विचारतो की बेर्नार्दोचा उजवा पाय सुटला, हे खरं का. पुढे चारच वर्षांनी, एप्रिल १८९५ मध्ये, आंद्रेस बोनिफासिओ आपल्या क्रांतिकारक साथीदारांना घेऊन त्याच पामितिनानच्या गुहेत गेले आणि भिंतीवर कोळशाने स्वातंत्र्याचा जयजयकार लिहून आले. स्पॅनिश गेले, अमेरिकन आले, आणि त्यांनी मनिलाला पाणी पुरवायला १९०९ पर्यंत त्याच घळीत वावा धरण बांधलं.

महाबली, क्रांती आणि धरण, सगळं एकाच ठिकाणी. अशा गावच्या माणसाला लोककथा एका कप्प्यात आणि इतिहास दुसऱ्या कप्प्यात ठेवायचं सुचेलच कसं?

आता चित्रांकडे. २०१० च्या ज्या चित्राने त्यांना पुढच्या वर्षी सिंगापूरचा सिग्नेचर आर्ट प्राइझ मिळवून दिला, त्याच्या नावात काबुनियानच्या काठ्या आहेत, ज्या मोजल्या तरी मोजून संपत नाहीत. काबुनियान म्हणजे उत्तरेकडच्या कोर्डिलेरा डोंगरांतल्या लोकांचा देव. तागालोगमध्ये एक कोडं आहे: आदमच्या काठ्या, मोजता मोजवेनात. उत्तर पाऊस. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, ओंदोय वादळाच्या पावसाने मनिला बुडाली होती. एवढं कळलं तरी चित्राचं दार उघडतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २०१३ चं 'मॉडर्न मनानांगाल्स'. मनानांगाल ही आपल्या हडळीच्या जातकुळीतली. रात्री तिचं धड कंबरेतून सुटतं, वटवाघळाचे पंख फुटून वरचा भाग शिकारीला उडतो आणि कमरेखालचा भाग जागच्या जागी उभा राहतो. पहाटेच्या आत परत जुळता आलं नाही, तर ती संपली. तापाया यांनी हे परदेशी कामाला जाणाऱ्या फिलिपिनो माणसांना लावलं: अर्धं माणूस हाँगकाँगला किंवा आखातात, अर्धं गावी. मनिलाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून नाव लिहिलेले, चिकटपट्टीने गुंडाळलेले, घरच्यांसाठी भेटवस्तू भरलेले 'बालिकबायान' खोके एकामागून एक येताना ज्याने पाहिलेत, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

एक सांगतो, त्यांचं सगळंच मला पटत नाही. काही चित्रांत मोकळी जागा न ठेवणं ही नुसती सवय झाल्यासारखी वाटते, आणि हाताच्या फांद्या नि फांद्यांचे हात पुन्हापुन्हा येतात. पण जिथे जमतं तिथे ती गर्दीच हवी असते, कारण पूर, खाण, निवडणूक आणि भूत तिथल्या माणसाच्या डोक्यात एकाच वेळी नांदत असतात.

म्हणून बघताना आधी आजच्या काळातली एखादी वस्तू शोधा आणि तिथून नजर बाहेर सरकवत न्या. पात्रांची ओळख हवी असेल तर दामियाना युहेनियो यांनी संपादित केलेले फिलिपिनो लोककथांचे खंड आहेत, तापायाही त्यांचा आधार घेतात. आणि जमलं तर त्याआधी चित्रकार बोतोंग फ्रान्सिस्को यांचं काम पाहा. तेही रिझाल प्रांतातलेच, अंगोनोचे. १९६० च्या दशकात त्यांनी मनिलाच्या सिटी हॉलसाठी देशाचा इतिहास रंगवला, ती चित्रं आता राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यात एक प्रसंग संपायच्या आत दुसरा त्यातूनच वाहत बाहेर येतो. ती चाल डोळ्यांत बसली की तापाया यांची गर्दी फारशी अंगावर येत नाही.