इथिओपियावर लिहायला बसण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा आराखडा वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच पानावरचं एक वाक्य आधी खोडून टाक: ‘इथिओपियातले सेमिटिक भाषक अरबस्तानातून आलेले, कुशिटिक भाषक मूळचे.’ ऐकायला सुटसुटीत आहे, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. यात भाषेचा इतिहास माणसांच्या अंगावर चढवला आहे.

भाषेपुरतं बोलायचं तर सेमिटिक शाखा (अरबी, हिब्रू याच शाखेतल्या) तांबड्या समुद्रापलीकडून आली, याला चांगला आधार आहे. 2009 च्या एका विश्लेषणाने तो काळ सुमारे 2800 वर्षांपूर्वीचा काढला. अम्हारिक, तिग्रिन्या, गुरागे भाषा, चर्चमध्ये उरलेली गेएझ ही सगळी त्याच शाखेची. ओरोमो, सोमाली, अफार, आगाव या कुशिटिक. दोन्ही शाखा आफ्रो-आशियाई कुळातल्याच.

आता जनुकांकडे ये. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथिओपियातल्या सेमिटिक आणि कुशिटिक, दोन्ही भाषकांत 40 ते 50 टक्के बिगर-आफ्रिकी वंशांश आढळला. मिश्रणाचा अंदाज सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा, आणि साम्य अरबस्तानापेक्षा लेव्हंटकडच्या, म्हणजे सीरिया-लेबनॉन-इस्रायल पट्ट्यातल्या, लोकांशी जास्त. हा वंशांश सेमिटिक भाषेबरोबरच आला असता, तर ओरोमोंमध्ये तो इतका कशाला सापडावा? 2014 च्या दुसऱ्या अभ्यासाने तर त्यातला मोठा भाग शेती सुरू होण्याच्याही आधीचा असावा, असं मांडलं. म्हणजे काळाबद्दल अजून वाद आहे. तुझ्या प्रबंधात तो वाद दिसू दे, एका बाजूचा आकडा उचलून पुढे जाऊ नकोस.

मग सेमिटिक बोलणारे इतके लोक आले कुठून? बऱ्याच अंशी ते तिथलेच. उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या आगाव भाषकांनी पिढ्यानपिढ्या सेमिटिक भाषा उचलली, आणि उचलताना आपली वाक्यरचना तिच्यात ओतली. अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, अरबीत तसं होत नाही. लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च ज्या झाग्वे राजवंशाच्या नावावर आहेत, तो आगावच. त्यानंतर 1270 मध्ये गादीवर आलेल्या घराण्याने आपली वंशावळ थेट बायबलमधल्या राजा सॉलोमन आणि शेबाच्या राणीला नेऊन भिडवली. ती इतकी पक्की बसली की 1955 च्या राज्यघटनेतही लिहिली गेली. बेटा इस्रायल, म्हणजे इथिओपियातल्या ज्यू लोकांचंही बघ. पूर्वी त्यांची बोली आगाव होती, प्रार्थनेची भाषा गेएझ, आणि जनुकीय दृष्ट्या ते शेजारच्या अम्हारा-तिग्रिन्यांना जवळचे. 1991 मध्ये दीड दिवसात त्यांच्यातल्या 14 हजारांहून अधिक लोकांना विमानांनी इस्रायलला नेलं, तेव्हा कुणी टक्के मोजत बसलं नव्हतं.

तुझ्या आराखड्यात सर्वात कमी जागा मिळाली आहे ती दत्तकविधानाला, आणि माझ्या मते सगळी मौज तिथेच आहे. सोळाव्या शतकात ओरोमो उत्तरेकडे पसरले, तेव्हा वाटेत भेटलेल्या गटांना त्यांनी ‘मोगासा’ या प्रथेने कुळात घेतलं. एखादं मूल दत्तक घ्यावं तसं नव्हे, अख्खा समूहच. शपथ झाली की कुळाचे पूर्वज त्यांचेही पूर्वज, कुळाचं वैर त्यांचंही वैर. आता सांग, अशा माणसाच्या रक्ताची चाचणी करून तू त्याला ‘खरा ओरोमो’ ठरवणार की ‘खोटा’? सोमालींमध्ये मुलं पूर्वजांची नावं ओळीने म्हणायला शिकतात. काही मोठी कुळं आपला मूळपुरुष अरब शेख असल्याचं सांगतात, तर बहुसंख्य सोमाली पुरुषांचा वाय-गुणसूत्राचा, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा, वंश ईशान्य आफ्रिकेचा निघतो. यावर लगेच ‘दावा खोटा’ असा शेरा मारू नकोस. खून झाला तर भरपाई कुणी कुणाबरोबर मिळून भरायची, हे त्या वंशावळीवरून ठरतं. ती त्या कामासाठी आहे, आणि ते काम ती चोख करते.

(आपल्याकडे ‘हबशी’ म्हटलं की सगळे एकाच मुशीतले वाटतात. मलिक अंबर इथिओपियातून आला, पण भारतातल्या सिद्दींच्या जनुकीय अभ्यासांत ठळक दिसतो तो बांटू भाषक, म्हणजे मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषासमूहाच्या लोकांचा अंश.)

प्राचीन जनुकांचे लेख वापरताना नंतरची दुरुस्तीही शोधत जा. दक्षिण इथिओपियातल्या मोटा गुहेतल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा जनुकसंच 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात युरेशियन (युरोप-आशियाकडचं) मिश्रण नव्हतं, तो निष्कर्ष टिकला. पण ‘युरेशियन वंशांश संपूर्ण आफ्रिकेत पसरला’ हे त्याच लेखातलं विधान संगणकीय प्रक्रियेतल्या चुकीमुळे लेखकांना मागे घ्यावं लागलं. बातम्या मात्र आधीच्याच फिरत राहिल्या.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमनने 1930 मध्ये मांडलेली ‘हॅमिटिक’ कल्पना तू ऐतिहासिक टीप म्हणून एका ओळीत उरकली आहेस. तिला पूर्ण प्रकरण दे. आफ्रिकेतली संस्कृती बाहेरून आलेल्या गोऱ्या पशुपालकांनी आणली, हे त्या विचाराचं सार. वसाहतींच्या काळात रवांडात तिथल्या अल्पसंख्य तुत्सींना याच चष्म्यातून पाहिलं गेलं, आणि 1994 च्या नरसंहाराच्या प्रचारात ‘तुम्ही बाहेरचे’ हाच सूर होता. इथिओपियात 1995 च्या घटनेनुसार राज्यंच वांशिक ओळखीवर आखली आहेत, आणि 2020 ते 2022 दरम्यान उत्तरेकडच्या तिग्राय राज्यात युद्ध झालं. तुझ्या आराखड्यातला रंगीत तक्ता तिथे कुणाच्या तरी फोनवर पोहोचेल असं धरूनच त्याखालच्या ओळी लिही. ‘अरबी रक्त’ असला शब्दप्रयोग कुठेही नको.

आगावचं प्रकरण आधी लिहून पाठव. आणि नकाशात इरिट्रिया-सुदान सीमेवरच्या बेनी आमेर लोकांना कोणता रंग देणार तेही कळव. त्यांच्यातले काही तिग्रे बोलतात, म्हणजे सेमिटिक, आणि काही बेजा, म्हणजे कुशिटिक.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक